आजोबांचा खांडा की फ्लेम टंग?

पत्र: आम्ही परभणीत दर रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आणि पात्रं रंगवून खेळायचा खेळ) खेळतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा. पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. चार खेळाडू आहेत, सगळे लेव्हल ५. कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) मी देवगिरीच्या यादवांवर बेतलंय, १२९६ नंतरचा काळ. माझी आतेबहीण रखमा नावाची फायटर (योद्धा) खेळते. रखमाच्या कमरेला पहिल्या सेशनपासून आजोबांचा खांडा आहे. मध्यंतरी एका भुयारात मी मुद्दाम तिच्यासाठी फ्लेम टंग (आग पेटणारी जादूई तलवार) ठेवली. तिनं हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "दादा, खांडा टाकून ही घेतली तर रखमा रखमा राहत नाही." आता लढाईत ती मागं पडतीय. आमचा रॉग (चपळ, चोरटा लढवय्या) खेळणारा मित्र चिडतो, "कामून त्या गंजक्या लोखंडाला कवटाळून बसलीस? इकडं आमचा जीव जातोय." मग मी कुणालाच न सांगता खांड्याला +१ (वार लागण्यात आणि डॅमेजमध्ये, म्हणजे इजेत, एकेकाची जादूई भर) देऊन टाकला. ते त्याला कळलं. आता तो म्हणतो, तिला फुकटात मिळतं, मी काय पाप केलंय? एखाद्या लढाईत खांडा मोडून टाकावा आणि विषय संपवावा, असंही मनात येतंय. काय करू?
— एक डीएम, परभणी

उत्तर:

खांडा मोडू नका. तुमच्या आतेबहिणीनं आकड्यांपेक्षा तुमच्या जगाला जास्त मान दिला आहे आणि असा खेळाडू डीएमला सहज मिळत नाही. त्यापायी ती सतत मागं पडत राहिली, तर बाकीचे तिघंही एवढंच शिकतील की पात्राच्या आजा-पणजाबद्दल काही लिहून आणण्यात अर्थ नाही. पण तुमच्या मित्राची तक्रारही खरी आहे. बाकीच्यांची प्रत्येक चांगली वस्तू लुटीतून आली, सगळ्यांसमोर वाटली गेली, आणि खांड्याचा +१ मात्र मागच्या दारानं आला. आमचं मत असं: रखमाला जिव्हाळ्याचा दंड बसू नये आणि जिव्हाळ्यापायी फुकटचा माल मिळू नये. खांडा वाढू द्या, पण तो तिच्या वाट्याच्या लुटीतूनच वाढू द्या.

आधी नुकसान नेमकं किती होतंय ते मोजा, कारण टेबलावरचं भांडण बहुतेक वेळा अंदाजावर चाललेलं असतं. लेव्हल ५ ची फायटर, स्ट्रेंग्थ १८, म्हणजे अटॅकच्या वीस बाजूंच्या फाशाला +७. समोर एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५. खांड्याला तुम्ही लाँगस्वर्डचे आकडे वापरत असाल, म्हणजे एका हातात १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) डॅमेज. फायटिंग स्टाइल (फायटरची खास सवलत) बाजूला ठेवू. साध्या खांड्यानं ८ किंवा वर पडलं की वार लागतो, म्हणजे ६५ टक्के वेळा. क्रिटिकल (फाशावर २० पडलं की डॅमेजचे फासे दुप्पट) धरून दोन अटॅकचं मिळून एका फेरीत सरासरी ११.५ डॅमेज होतं. खांडा +१ असेल तर १३.७५. +२ असेल तर १६.२. आणि तुमची ती फ्लेम टंग, जिला एकही प्लस नाही पण आगीचे २डी६ आहेत, ती फेरीला २१.३ देते.

बघा, साध्या खांड्यापासून +१ पर्यंतची उडी सव्वादोनची आहे आणि फ्लेम टंगपर्यंतची जवळपास दहाची. म्हणजे तुम्ही गुपचूप दिलेल्या +१ नं मित्राचा राग ओढवला आणि रखमाचं मागं पडणंही मिटलं नाही. शिवाय +२ आणि "प्लस नाही, पण १डी६ जास्तीचं डॅमेज" (फेरीला १६.४) हे जवळजवळ एकाच मापाचे आहेत. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

खरी दरी मात्र प्लसमध्ये नाहीच. ती "जादूई आहे की नाही" या एका शिक्क्यात आहे. २०१४ च्या नियमांत पुष्कळ राक्षसांना बिनजादूच्या शस्त्रांचं डॅमेज अर्धंच लागतं. गारगॉइल घ्या, तुमच्या कॅम्पेनमध्ये देवळाच्या भिंतीवरचा दगडी व्याल जिवंत झाला म्हणून तो छान चालेल. एसी १५, हिट पॉइंट (जीव) ५२. साध्या खांड्यानं रखमाला एकटीला तो पाडायला नऊ-दहा फेऱ्या लागतील, +१ खांड्यानं (प्लस असलेलं शस्त्र जादूईच धरतात) चार, फ्लेम टंगनं तीन. लढाई साधारण तीन-चार फेऱ्यांत आटोपते, म्हणजे साध्या खांड्याची रखमा त्या लढाईत असून नसल्यासारखी. वेअरवुल्फवर (लांडगा होणाऱ्या माणसावर) तर बिनजादूचं आणि बिनचांदीचं पातं अजिबातच चालत नाही. रस्ट मॉन्स्टरला मारलेलं प्रत्येक साधं लोखंडी शस्त्र गंजतं, दर वेळी डॅमेजमधून कायमचा १ कमी होतो आणि उणे ५ झालं की शस्त्र संपलं. आजोबांची आठवण अशी एका फुटकळ प्राण्यापायी मातीत जाणं कुणालाच नको असेल. (तुम्ही पुढंमागं नव्या नियमांवर गेलात तर २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधून बिनजादूच्या शस्त्रांचा हा अडसर काढून टाकला आहे. तिथं ही दरी बरीच बुजते.)

त्यामुळं वारशाचं शस्त्र असलेल्या कुठल्याही टेबलावर पहिली दुरुस्ती हीच: लेव्हल ३-४ च्या सुमाराला त्या शस्त्राला जादूई म्हणून मोजायला लागा, प्लस न देता. २०१७ च्या 'झॅनाथार्स गाइड' या नियमपुस्तकात यासाठी आयती वस्तू आहे, मून-टच्ड स्वर्ड. दुर्मीळतेत सगळ्यात खालची पायरी, 'कॉमन'. अट्यूनमेंट (वस्तूशी आधी नातं जोडणं) लागत नाही. अंधारात उपसली की १५ फूट स्वच्छ आणि पुढचे १५ फूट मंद उजेड पडतो, आणि वार जादूई धरला जातो. देवगिरीच्या अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारात, हा उजेड किती कामाचा, ते तुम्हाला सांगायला नको. त्यासाठी कुणीही कुणावर रागावत नाही. तुमची ती वेळ निघून गेली आहे, पण पुढच्या कॅम्पेनसाठी टिपून ठेवा.

आता तुमच्या टेबलाबद्दल. रविवारच्या आधी आतेबहिणीला एकटीला गाठून एक प्रश्न विचारा: खांड्यातलं नेमकं काय तुला सोडवत नाही? उत्तरं तीन प्रकारची येतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिलं उत्तर, "तो आजोबांचा आहे, बस्स. हातात तोच हवा." मग ताकद दुसरीकडून आणून त्या खांड्यात घालायची. हा इलाज खाली सविस्तर सांगतो, कारण तिचं पत्रातलं वाक्य वाचून आम्हाला हेच उत्तर येईलसं वाटतं.

दुसरं, "मला कमी ताकदीच्या शस्त्रानं जिंकायला आवडतं." मग तिचा आनंद आकडे वाढवून हिरावू नका. फक्त जादूई शिक्का ठेवा आणि बाकी पार्टीला तिच्या तोंडून कळू द्या की ही तिची निवड आहे. पण चौघांचा जीव एकमेकांवर अवलंबून असताना अशी निवड एकटीनं करायची नसते, त्यामुळं बाकीच्या तिघांचा होकार हवाच. होकार नसेल तर हा मार्ग बंद.

तिसरं, "घ्यायची आहे खरं तर, पण खांडा टाकवत नाही." इथं इतिहास मदतीला येतो. आपल्याकडच्या तलवारींत पातं आणि मूठ बहुधा एकमेकांत लाख ओतून बसवलेली असत. लाख तापवली की मऊ होते, पातं सुटतं, नवं बसवता येतं. जुन्या मुठीला नवं पातं किंवा जुन्या पात्याला नवी मूठ हा नेहमीचा व्यवहार होता. युरोपातून आलेल्या पात्यांना इथल्या मुठी चढवूनच फिरंग तयार होत. म्हणून फ्लेम टंगचं पातं आजोबांच्या मुठीत बसवा आणि आजोबांचं पातं घरच्या देव्हाऱ्यात ठेवा. नियम काहीच बदलावे लागत नाहीत. वस्तू फ्लेम टंगच, आकडे फ्लेम टंगचेच, पण तळहाताखाली मूठ आजोबांची. एका सेशनमधली अर्ध्या तासाची लोहाराकडची भेट, बस. काही डीएम याला पळवाट म्हणतात. आम्हाला तरी हा फार स्वच्छ मार्ग वाटतो.

तर पहिल्या उत्तराचा इलाज. फ्लेम टंगमधली आग काढून खांड्यात घालायची. ही कल्पना नवी नाही. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत शस्त्राची ताकद रून्समध्ये (कोरलेल्या जादूच्या खुणांत) असते आणि रून एका शस्त्रावरून दुसऱ्यावर नेता येतो: एक दिवसाचं काम आणि रूनच्या किमतीच्या १० टक्के खर्च. त्या खेळात आजोबांचं शस्त्र शेवटच्या लेव्हलपर्यंत सुखानं टिकतं, त्यामुळं हा वाद तिथं जवळजवळ उद्भवतच नाही. डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीतही जादू हलवण्याचा विधी होता. पाचवीत तो नाही, म्हणून हाउस रूल (आपल्या टेबलापुरता नियम) करावा लागतो. 'झॅनाथार्स गाइड'मध्ये फ्लेम टंगसारखी रेअर (दुर्मीळ) वस्तू घडवायला २,००० सोन्याची नाणी आणि १० कामाचे आठवडे धरले आहेत. त्याचा दहावा हिस्सा धरा: २०० नाणी, एक आठवडा. नाणी रखमाच्या थैलीतून. पार्टीच्या सामाईक डब्यातून एक दमडी नाही.

पण इथं एक खड्डा आहे. तुम्ही खांड्याला +१ आधीच देऊन बसला आहात. त्यावर फ्लेम टंगचे पूर्ण २डी६ चढवले तर फेरीचं डॅमेज २४.२५ होतं, म्हणजे खांडा एकदम टेबलावरच्या सगळ्या शस्त्रांच्या पुढं. मग उद्या तुम्ही लुटीत ठेवलेली कुठलीही तलवार तिच्या कामाची नाही. म्हणून आत्ता आग अर्धीच उतरवा, १डी६. +१ आणि १डी६ मिळून फेरीला १९ होतात, फ्लेम टंगपेक्षा सुमारे १० टक्के कमी. वारशाचं शस्त्र मिळणाऱ्या उत्तम शस्त्राच्या १० ते १५ टक्के खाली ठेवावं, हे आमचं आवडतं माप. एवढा फरक फाशांच्या चढउतारात जाणवत नाही, त्यामुळं खेळाडूला मागं पडल्यासारखं वाटत नाही. आणि बाकीच्यांना दिसतं की निवडीची थोडी तरी किंमत मोजली गेली.

फ्लेम टंगच्या अटीही आगीबरोबर खांड्यात येतात. अट्यूनमेंट लागेल, आणि ती तीनच वस्तूंना मिळते. आग पेटवायला फेरीतली जादा छोटी कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन लागेल. रिकामी झालेली फ्लेम टंग साधी लाँगस्वर्ड उरते, किंमत १५ नाणी. उरलेली आग विझत नाही, खांड्यात निजून राहते. ती लेव्हल ९-१० ला जागी करा, मग २डी६. प्लस +२ करायचा तो लेव्हल ११ नंतर, +३ लेव्हल १७ नंतर. पाचव्या आवृत्तीत दुर्मीळतेच्या पायऱ्याही साधारण याच लेव्हलना धरलेल्या आहेत. आणि प्लसपेक्षा डॅमेजचे फासे द्यायला आमची पसंती आहे. मघाशी पाहिलं, माप सारखंच पडतं, पण आगीला दाद न देणारे राक्षस आहेत. तिथं रखमाला खांडा म्यान करून दुसरं काहीतरी हातात घ्यावं लागेल, आणि बाकीच्या लुटीला किंमत राहील. प्लस मात्र सगळीकडंच चालतो आणि वार लागण्याची शक्यता दर पायरीला ५ टक्क्यांनी वाढवतो. पाचव्या आवृत्तीत एसी फार वाढत नाहीत, त्यामुळं ते ५ टक्के जड जातात.

हा हाउस रूल एका कागदावर लिहून सगळ्यांसमोर ठेवा. शब्द साधारण असे:

*प्रत्येक पात्राला वारशाची एकच वस्तू जाहीर करता येईल. एकदा केली की बदलता येणार नाही. त्या वस्तूत एक प्लस आणि एक गुण, एवढंच मावेल. दुसरा गुण घातला तर पहिला जाईल. ज्या वस्तूतून जादू काढली ती रिकामी होईल. वस्तूची प्रत्येक पायरी म्हणजे त्या पात्राची लुटीतली एक पाळी. खर्च ज्याचा त्यानं करायचा.*

"एक प्लस, एक गुण" ही अट गाळू नका. ती नसली की दोन महिन्यांत खांडा आग लावतो, उडतो, बोलतो आणि जखमाही भरतो. जादू हलवण्याचा नियम आणला की नेमकं हेच बिघडतं: खेळाडू प्रत्येक वस्तू वितळवून एकाच ठिकाणी ओतायला लागतात.

"पाळी" म्हणजे काय ते मित्राला नीट समजावा, कारण त्याचा राग तिथंच निवळणार आहे. चार खेळाडू, चार पाळ्या. ज्याची पाळी त्याच्या पात्राला शोभेल अशी मोठी वस्तू पुढच्या लुटीत येणार. बारीकसारीक पोशन, बाण, तावीज यात मोजायचे नाहीत. रखमाची फ्लेम टंग ही तिची पाळी होती, ती तिनं खांड्यात घातली. आधीचा +१ सुद्धा तिच्या खात्यावर मांडा आणि तसं उघड सांगा. म्हणजे तिच्या नावावर दोन पाळ्या खर्ची पडल्या आणि आता बाकीच्या तिघांच्या पाळ्या होईपर्यंत तिला मोठं काही नाही. पहिली पाळी रॉगची ठेवा. त्याला शॉर्टस्वर्ड किंवा रेपियरच द्या. २०१४ च्या नियमांत रॉगला लाँगस्वर्ड चालवता येते, पण तिच्यावर स्नीक अटॅक (संधी साधून मिळणारं रॉगचं जादा डॅमेज) लागत नाही, म्हणून ती भुयारातली फ्लेम टंग त्याच्या तशीही उपयोगाची नव्हती. हे त्याच्या ध्यानात आणून द्या. त्याची तक्रार तलवारीची नव्हतीच, हिशेबाची होती.

बाकीच्या तिघांनाही वारसा जाहीर करायची मुभा द्या. क्लेरिकची (पुजाऱ्याची) माळ, विझर्डची (जादूगाराची) पोथी, रॉगची आईकडून आलेली कट्यार. बहुतेक जण घेणार नाहीत, पण दार सगळ्यांना उघडं होतं एवढं त्यांना दिसायला हवं.

आता कथेची बाजू. इथं घाई करू नका, कारण खांडा पाळीच्या हिशेबानं जरी वाढत असला तरी खेळाडूला तो तसा वाढताना दिसू नये. १९९३ मध्ये आलेल्या अर्थडॉन या खेळात यावर फार चांगलं काम झालं आहे. तिथं जादूई वस्तूची पुढची ताकद मिळवायची तर आधी त्या वस्तूबद्दल काहीतरी शोधून काढावं लागतं: तिचं नाव काय, कुणी घडवली, कुणाच्या हातून कुणाकडं गेली. डी अँड डीत २०२० च्या 'वाइल्डमाउंट' पुस्तकात निद्रिस्त, जागृत आणि सर्वोच्च अशा तीन अवस्थांची शस्त्रं आहेत, पण अवस्था बदलायला नेमकं काय घडावं हे डीएमवर सोडलेलं आहे. दोन्ही जोडा. प्रत्येक पायरीआधी खांड्याबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालंच पाहिजे.

तुमच्याकडं तर विषय तयार आहे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी देवगिरीवर आला तेव्हा यादव राजा रामचंद्रदेवाचं मुख्य सैन्य त्याचा मुलगा शंकरदेव याच्याबरोबर बाहेर होतं, आणि वेढ्यात किल्ल्यावर नेलेल्या धान्याच्या गोण्यांत मीठ निघालं, अशी परंपरेनं चालत आलेली हकीकत आहे. रखमाचे आजोबा त्या कोठारावरचे पहारेकरी होते असं ठरवा. गोण्या आत आल्या तेव्हा खांडा त्यांच्याच कमरेला होता. त्यांनी तोंड उघडून पाहिलं का नाही? की पाहिलं आणि बोलले नाहीत? पहिल्या पायरीला, म्हणजे आत्ता आग उतरवताना, रखमाला एवढंच कळू द्या की खांडा पैठणच्या कुठल्या भात्यावर घडला. तो लोहारच आग उतरवून देईल. लेव्हल ९-१० ला आजोबांनी तो शेवटचा कधी उपसला हे कळेल. लेव्हल ११ ला गोण्यांचं सत्य. उत्तर कडू असलं तरी चालेल, पण आजोबांना एकदम देशद्रोही ठरवायच्या आधी आतेबहिणीला खेळाबाहेर विचारा. काहींना असा कडवटपणा आवडतो, काहींची ती वस्तू त्याच क्षणी मरते.

खांडा जागा होण्याची वेळ लढाईच्या ऐन रंगात आणायचा मोह होईल. एकदा आणलात तर चालेल. पण मग दर वेळी हिट पॉइंट संपत आले की खेळाडू खांड्याकडं बघायला लागतो आणि तो उजळला नाही तर खट्टू होतो. आम्ही असं सुचवू की पायऱ्या दोन मोहिमांच्या मधल्या निवांत काळात चढू द्या. त्यासाठी खंडेनवमीसारखा मुहूर्त दुसरा नाही. शस्त्रं स्वच्छ करून, तेल लावून, हळदकुंकू-झेंडू वाहून पाटावर मांडलेली, चारही पात्रांची. त्या ओळीत प्रत्येकाला आपल्या शस्त्राबद्दल एक वाक्य बोलायला लावा आणि खांड्याची पायरी तिथं चढवा. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन, म्हणजे नवी मोहीम सुरू. कॅम्पेनमधला एक महिना टेबलावरच्या तीन-चार सेशनमध्ये जातो असं धरलं तर हा दिवस वर्षातून एकदा येतो आणि लेव्हलच्या पायऱ्यांशी तो बऱ्यापैकी जुळवता येतो. नाही जुळला तर ओढूनताणून जुळवू नका, तुळजापूरच्या यात्रेचं निमित्तही पुरतं.

किंमत कुठून घ्यायची याबद्दल एक इशारा. डी अँड डी ३.५ साठी २००५ मध्ये 'वेपन्स ऑफ लेगसी' नावाचं आख्खं पुस्तक वाढत्या शस्त्रांवर आलं. त्यात शस्त्र वाढलं की वापरणाऱ्याच्या अटॅकमधून, हिट पॉइंटमधून, सेव्हमधून (संकटातून वाचायच्या फाशातून) कायमची कपात होत असे. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतलं जाई, आणि खेळाडूला आपण शस्त्राचे गुलाम झालो असं वाटे. म्हणून आम्ही किंमत लुटीतून आणि थैलीतून घ्यायला सांगतोय. पात्राच्या अंगातून घेऊ नका.

मोडण्याबद्दल. तुमच्या मनात ते रागानं नाही, कथेच्या ओढीनं आलं असेल, तरी न विचारता करू नका. चोरीलाही हेच लागू. वारशाची वस्तू ही डीएमच्या हातातली ओलीस नव्हे. एकदा ती तशी वापरलीत की पुढचं पात्र अनाथ, बेघर आणि बिननात्याचं येईल. तिला स्वतःलाच मोडायची कल्पना आवडली, तर आधी ठरवून मोडा आणि फार तर दोन सेशनमध्ये परत घडवून द्या, नव्या पायरीसकट. तेवढ्या काळात तिच्या हातात काहीतरी जादूई असेल याची सोय आधीच करा. आणि चोरीची भीती कायमची घालवायची असेल तर खांड्याला एल्ड्रिच नाइट या जादू जाणणाऱ्या फायटरच्या वेपन बाँडसारखी सवलत द्या: पूर्ण हतबल (इन्कपॅसिटेटेड) झाल्याशिवाय हातातून कुणी हिसकावू शकत नाही, आणि त्याच जगात असेल तर बोनस अ‍ॅक्शननं परत हातात येतो. याला पाळी मोजू नका, डॅमेज वाढत नाही.

रखमा मेली तर? हे आत्ताच ठरवा, कारण त्या दिवशी ठरवायला कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. आमचा सल्ला: खांडा पार्टीतल्या कुणीही उचलला तर त्याच्या हातात तो फक्त +१ राहील. रखमाच्या मागं राहिलेलं एखादं काम त्यानं पुरं केलं की बाकीचं परत येईल. तिचं पुढचं पात्र नात्यातलं असेल तर त्यालाही हीच अट. नाही तर मरणाऱ्या प्रत्येक पात्राला एक जुळा भाऊ निघतो.

पुढं आणखी दोघांनी वारसा जाहीर केला आणि हे खातं सांभाळणं जड जाऊ लागलं, तर सगळं मोडीत काढून सरळ मार्ग धरा. सगळ्या पात्रांना लेव्हल ५ ला +१, ११ ला +२, १७ ला +३, हातात कुठलंही शस्त्र असो, आणि ते जादूई धरायचं. लुटीतून प्लसची शस्त्रं पूर्ण बाद. मग लुटीत उरतात फक्त वेगळं काहीतरी करणाऱ्या वस्तू. चौथ्या आवृत्तीत २००९ पासून असा नियम होता, पाथफाइंडरमध्येही आहे. या मार्गात स्पेलवाल्यांना (मंत्र वापरणाऱ्यांना) काहीच मिळत नाही, म्हणून विझर्ड आणि क्लेरिकसाठी स्पेल अटॅकला तेवढाच प्लस धरा. सेव्ह डीसीला (स्पेल चुकवायला शत्रूनं गाठायच्या आकड्याला) मात्र धरू नका, तिथं तो फार जड पडतो. आणि यासाठी राक्षस बळकट करू नका. पाचव्या आवृत्तीचे राक्षस जादूई शस्त्रं गृहीत धरून बेतलेले नाहीत, पार्टी थोडी सरस झाली तर होऊ द्या.

या रविवारी क्रम असा ठेवा: फासे काढायच्या आधी +१ ची गोष्ट सगळ्यांना सांगा आणि कागद वाचा, त्यावर मित्राला बोलू द्या. मग सेशनमध्ये पार्टीला पैठणच्या वाटेला लावा. वाटेत एक जिवंत व्याल ठेवा, एकच. खांडा आधीच जादूई आहे, चौघं मिळून तो दोन फेऱ्यांत पाडतील. लोहाराकडं पोहोचल्यावर फ्लेम टंग ऐरणीवर ठेवायचं काम रखमाला नको, रॉगला द्या. ती त्यानंच भुयारातून वर आणली असणार.